येतो म्हणावं

'मी यंत्र नाही' या चौकोनात खूण करून, नऊ चित्रांतल्या सायकली निवडून लीला कामाला बसली. लोकांना पारखायच्या आधी रोज तिचीच पारख व्हायची.

बुऱ्हाणपुरातल्या तिच्या खोलीत, लॅपटॉपवर, खचलेल्या माणसांचे संदेश यायचे. मदतीचा नंबर होता तो. वर्षभरापासून त्यात टवाळखोरांनी सोडलेल्या मशीनचे खोटे संदेशही घुसत होते. लीलानं वाचायचं, दोन प्रश्न विचारायचे. माणूस असेल तर समुपदेशक अरविंदकडे पाठवायचं, मशीन असेल तर बंद.

कालच अरविंद म्हणाला होता, "लीलाजी, तुम्ही पाठवलेल्या मशीनशी मी तासभर बोलत बसलो. तिकडे एक बाई लाईनीत थांबून थांबून निघून गेली. तिचा फोन आता लागत नाहीये."

त्या बाईनं लीलाची झोप उडवली होती. आता चूक नको.

सकाळी अण्णांचा फोन येऊन गेला होता. अण्णा म्हणजे तिचे वडील, तापीकाठच्या दापोऱ्याचे निवृत्त देवराम गुरुजी. "जेवली का?" विचारलं आणि नेहमीसारखं "येतो बेटा" म्हणून ठेवला. फोनवरून कुठं येणार, म्हणून ती हसायची. पण निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. मदतीचा नंबर तिनं त्यांच्या मोबाईलमध्ये घालून ठेवला होता, गावात कुणाला लागला तर.

बारा वाजता एक संदेश आला. नाव-नंबर तर लीलाला कुणाचाच दिसत नसे, ते फक्त अरविंदकडे दिसायचे.

"घर शांत असते. चहा दोन कप होतो. एक ओतून देतो."

शुद्धलेखनाची एक चूक नाही. पूर्णविराम जिथल्या तिथं. खचलेला माणूस असं लिहितो होय? दोन कप चहाचं रडगाणंही मशीननं तिला शंभरदा ऐकवलं होतं. तरी तिनं विचारलं, "घरी कोण आहे?"

"मुलगी आहे. दूर असते. तिला त्रास द्यायचा नाही."

"तुम्ही कुठले?"

"तापीकाठचा."

तिचं बोट थबकलं. आपल्याकडचा माणूस. "उद्या परत बोलाल ना?"

"नाही. जातो."

लीला हसली. पकडलं. तापीकाठचा माणूस बाजाराला निघाला तरी 'येतो' म्हणतो. मशीनला हे कुणी शिकवलंच नव्हतं. तिनं 'मशीन'वर खूण केली. संभाषण बंद झालं. लाईनीतल्या पुढच्या बाईला तिनं लगेच अरविंदकडे पाठवलं आणि तिला फार दिवसांनी बरं वाटलं.

दीड वाजता अण्णांच्या शेजारच्या सुपडूचा फोन आला. "लीलाताई, जल्दी ये. गुरुजी गेले."

"कुठं गेले?"

सुपडू रडत रडत सांगू लागला. "सकाळपासून ओट्यावर मोबाईल घेऊन बसेल व्हते. मंग उठले अन् म्हने, जातो. मी म्हटलं, गुरुजी, येतो म्हना. त हासले. म्हने, लिहून बी टाकलं."