शोला-ए-बदख्शानचा दुपारचा खेळ

दोरीवर मोरपंखी ओढणी नाही. कालही नव्हती.

‘शोला-ए-बदख्शान’ पिक्चर: तीनशे कोटींचा खर्च, शेकडो घोडे, प्लायवुडचा किल्ला. पुण्याच्या पेपरात दीड तारा.

आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.

रिक्षाच्या मागच्या काचेवर ताज्या रंगात: तुम्हारा इनकार भी हमारी अमानत है.

डब्याची पिशवी रोजच्यापेक्षा फुगलेली.

गोरक्षच्या डोक्यात या गोष्टी सुट्या नव्हत्याच. सगळ्या एकाच माणसाकडे बोट दाखवत होत्या. त्या माणसाचं तोंड तेवढं त्याला अजून दिसलं नव्हतं.

त्याने मोटरसायकल बाहेर काढली, तशी त्याची आई आक्काबाई सूप हातात घेऊन ओट्यावर आली.

“कुठं निगालास?”

“नगरला. मोनिकाला आनायला.”

सूप जागच्या जागी थांबलं. “गोरक्षा, पुरं झालं आता. तिच्या मनात न्हाई, तर तिला तिच्या वाटंनं जाऊ दे की.”

“तू मधी पडू नको, आये.”

“लोक हसत्यात रं.”

“लोक काय, पिच्चरलाबी हसत्यात.”

पारनेरची एसटी पुढे आणि तो मागे. मधे एखादा ट्रक राहील एवढं अंतर त्याने ठेवलं. खिडकीत मोनिकाचं डोकं दिसत होतं. एकदाही तिने मागे वळून पाहिलं नाही. नंबर बदलला तोही तिने त्याला सांगितला नव्हता.

कापड बाजारातल्या साड्यांच्या दुकानात ती कामाला होती. दुपारी ती पिशवी घेऊन बाहेर पडली, रिक्षात बसली आणि थेट टॉकीजपाशी उतरली. तिला सिनेमाची आवड आहे हे गोरक्षला माहीत नव्हतं. अलीकडे तिच्या बऱ्याच गोष्टी त्याला माहीत नसत.

दारावरचा भागवत त्याला ओळखून होता.

“या, शहसवार! परत आलात? अहो, तुमच्या एकट्याच्या जिवावर चाललंय हे पिच्चर.”

“आज आमची मंडळी आत हायेत.”

“आन तुमी मागनं? भांडलाय जनू.”

गोरक्ष हसला नाही. तिकीट फाडून घेऊन आत गेला.

पिक्चर सगळीकडे आपटलं होतं. उर्दू इतकी जड की निम्मे शब्द डोक्यावरून जात. पण कळायचं ते कळे. मेहरू नाही म्हणते. शहसवार, म्हणजे पट्टीचा घोडेस्वार शहबाज नद्या ओलांडतो, फौजा कापतो, तरी ती नाहीच म्हणते. शेवटी तो तिच्या लग्नाचा शामियाना पेटवतो आणि तिला घोड्यावर घालून नेतो. घोडा उधळतो, आणि मेहरू हसते. त्या हसण्यावर पुण्यातल्या मुलींनी व्हिडिओ काढून शिव्या घातल्या होत्या. नगरची पोरं तिथेच शिट्ट्या मारत. गोरक्ष शिट्टी मारत नसे. तो नीट बघत असे.

आज हॉलमध्ये जेमतेम दहा-बारा डोकी होती. मधल्या रांगेत मोनिका. शेजारी करड्या शर्टातला एक माणूस. दोघांच्या मधे उघडा डबा, एकाच झाकणातून खाणं चाललेलं.

असा दिसतो तर.

पडद्यावर शहबाजने तलवार म्यान केली. “तुम्हारा इनकार भी हमारी अमानत है.”

मोनिका खळखळून हसली.

“अगं, वेडाच आहे हा!” करडा शर्ट म्हणाला.

“नाहीतर काय. कुणीतरी धरून ठेवा रे ह्याला.”

पुन्हा दोघं हसली. मागच्या रांगेत गोरक्षने खुर्चीची कड घट्ट धरली. चारचौघांत हसायचं, तेही या वाक्याला, तेही परक्या माणसाबरोबर. आज तिला घेतल्याशिवाय परतायचं नाही, हे तिथेच ठरलं.

इंटरव्हलचे दिवे लागले. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“मोनिका, ऊठ. घरी चल.”

ती दचकली. झाकण खाली पडून गडगडत गेलं.

“ओ, काय लावलंय?” तो माणूस उठला. “मोना, कोण हा? ओळखतेस?”

“नाही,” मोनिका म्हणाली.

गोरक्षला वाईट वाटलं नाही. मेहरूही भर दरबारात असंच म्हणाली होती. त्याने तिचं मनगट धरलं.

ती ओरडली. त्या माणसाने गोरक्षच्या छातीवर हात ठेवला. तेवढ्यात भागवत धावत आला आणि त्याने त्या माणसालाच मागून मिठी मारली.

“सायेब, तुमी मधी पडू नका. नवरा-बायकोचं हाय ते. त्यांचं ते बघून घेतील.”

मागच्या रांगेतले दोघे उठले होते, ते पुन्हा बसले. कुणीतरी म्हणालं, “घरचं भांडण घरी करा की राव.” करडा शर्ट जिवाच्या आकांताने काहीतरी सांगत होता, पण भागवतची मिठी पक्की होती. गोरक्ष मोनिकाला ओढत दाराकडे निघाला. बाहेर ऊन होतं आणि मोटरसायकल सावलीत लावलेली होती.

मोनिका आजवर त्याच्याशी एकच वाक्य बोलली होती, मागच्या पौषात, शनिशिंगणापूरहून येणाऱ्या गच्च भरलेल्या एसटीत: “दादा, जरा सरकता का?”