पाच घरांची बंडी

"धोंडीबा, खाली बस!" भाऊमास्तरांनी छडी आपटली.

मास्तर पाणी प्यायला बाहेर गेले, तेवढ्यात हा आठ वर्षांचा पोरगा उठला होता. हात पाठीमागे बांधून तो रांगेतून फिरत होता आणि पोरांना दटावत होता, "तू वाच. थांब. अर्थ सांग."

महिनाभर हेच चाललं होतं. शिकवताना मध्येच विचारायचा, "मास्तर, हे कशावरून?" अशा पोरापुढे माणसाने करावं तरी काय? मास्तरांना अगदी वीट आला होता.

हौसाबाई नावाची बाई त्याला शाळेत घालून गेली होती. त्याच्या अंगात रंगीबेरंगी तुकड्यांची बंडी.

"हे काय घातलंय?" मास्तरांनी विचारलं होतं.

"पाच घरी मागून आणल्याली कापडं हायेत. आधीची दोन गेली. हे पोर जगाया नको का, मास्तर?"

"बाप काय करतो?"

"गावोगाव हिंडत्यात. आज शहाड, उद्या मुरबाड."

"नाव?"

तिने पदर सावरून मान फिरवली. "त्यांचं नाव म्या कसं घेऊ?"

बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मास्तर जाणून होते. त्यांनी ती जागा कोरी सोडली.

"भिकाऱ्याचं रक्त! छडीने बदलेल होय?" ते घरी बायकोपाशी, सुमतीपाशी वैतागले. "नाहीतर शिरस्तेदारांचा मधु बघ."

"त्याला तेराचा पाढा आला?"

"येईल. घराणं आहे."

सुमतीला आठवा महिना होता. ठाण्याला नवे डिपोटीसाहेब आले होते आणि ते शाळा तपासणार होते. शेरा वाईट पडला, तर बदली मोखाड्याला, हिवतापाच्या रानात. मास्तरांना झोप लागेना.

तपासणीच्या दिवशी त्यांनी धोंडीबाला दाराआड कोपऱ्यात बसवलं. "हूं की चूं केलंस तर सोलून काढीन."

साहेब महिनाभराचा दौरा संपवून थेट शाळेत आले. मधु तेरा चोकला अडला, तो अडलाच. साहेबांनी हजेरी पाहिली, मग पोरं मोजली.

"एक कमी आहे."

"दाराआड आहे, साहेब," मास्तर घाईने म्हणाले. "भिकाऱ्याचं पोर आहे. त्यानेच सगळा वर्ग बिघडवला. जात्याच वाईट, त्याला शिकवून काय होणार?"

साहेब उठले. हात पाठीमागे बांधून दारापाशी गेले आणि कोपऱ्यातल्या पोरापुढे त्यांनी पुस्तक धरलं.

"तू वाच," ते म्हणाले.

धोंडीबाने अख्खा धडा न अडखळता वाचला.

"थांब. अर्थ सांग."

त्याने अर्थही सांगितला. पुस्तक मिटताना साहेबांना त्याच्या तळहातावरचे वळ दिसले. त्यांनी तो हात हातात घेतला.

पोराने एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाबा, आज तरी मुक्काम घरी ना?"