सहा ते दहा

इस्त्रीला हात लावून बघितला तर ती थंडगार होती, आणि त्याचीच साहेबांना जास्त किळस आली. म्हणजे वीज कंपनीचा माणूस आज येणार, हे या बाईला आधीच कळलं होतं.

संध्याकाळी सहा ते दहा वीज कमी वापरा, अशी कंपनीची मोहीम होती आणि घरोघरी जाऊन ते लोकांना पटवण्याचं काम साहेबांच्या गळ्यात पडलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. पत्रकं लोक खिडकीच्या फटीत कोंबत, आणि वरिष्ठ एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकत. माणूसजातच खोटारडी, असं साहेबांचं आठ महिन्यांत पक्कं मत झालं होतं. प्रत्येक घराच्या मीटरचा आकडा त्यांना मोबाईलवर दिसायचा. वॉशिंग मशीन दुपारीच लावते म्हणणारी बाई ते रात्री आठला लावते, हे माहीत असून तिच्या तोंडावर हसावं लागायचं.

पण या टेलरबाईंइतकं निगरगट्ट माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. दीड खोलीत ही आणि अंथरुणाला खिळलेली सासू. एक पंखा, दोन दिवे, पायाने चालवायचं शिलाई मशीन. तरी दिवसभर गरीब गाईसारखा असलेला आकडा सहा वाजले की उसळायचा. अख्ख्या इमारतीत सगळ्यात जास्त.

सहानंतर आपण इस्त्रीसुद्धा लावत नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

"सासूबाईंचा पंखा तेवढा चालतो, साहेब. तोही बंद करू का?"

"मीटर खोटं बोलत नाही, बाई."

"मग मी बोलते का?"

हीटर नाहीतर शेगडी कुठेतरी दडवलेली असणार म्हणून साहेबांनी वाकून पलंगाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. सासू नुसती टकामका बघत होती. काही सापडलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा, असं मनात म्हणत त्यांनी अहवालात 'जाणूनबुजून गैरवापर' असा शेरा मारला आणि सही ठोकली.

त्या सहीने काय होणार, हे त्यांना ठाऊक होतं. ज्या भाडेकरूवर कंपनीचे तीन शेरे पडतील त्याने खोली सोडायची, असा नियम सोसायटीच्या सेक्रेटरींनी करून घेतला होता. हा तिसरा शेरा. साहेबांना वाईट वाटलं नाही. घाण एकदाची निघालेली बरी, असंच वाटलं.

सेक्रेटरी म्हणजे या सगळ्या उकिरड्यातला एकच स्वच्छ माणूस. पहिल्या मजल्यावर चार खोल्यांचं घर, घरात पाच माणसं, आणि सहा वाजता आकडा जो झोपायचा तो दहालाच जागा व्हायचा. हे जमतं कसं, असं साहेबांनी एकदा विचारलं होतं. स्वयंपाक, धुणं, इस्त्री सगळं दुपारीच उरकतो, असं सेक्रेटरींनी सांगितलं होतं. शिस्त असली की झालं.

कंपनीने त्यांना या वर्षीचा 'आदर्श ग्राहक' ठरवलं. रविवारी संध्याकाळी सात वाजता साहेब प्रशस्तिपत्रक घेऊन त्यांच्या घरी गेले. शेजारीपाजारी जमले होते. फोटोसाठी म्हणून झुंबर लावलं होतं, पाहुण्यांसाठी म्हणून एसी. एक दिवस चालायचंच, असं सेक्रेटरी स्वतःहून म्हणाले आणि सगळे हसले. साहेबही हसले. कितीतरी दिवसांनी त्यांना एखाद्या घरात बसून बरं वाटत होतं.

तेवढ्यात टेलरबाई दारात येऊन उभी राहिली. हातात घरमालकाची चिठ्ठी होती. महिनाअखेर खोली रिकामी करा.

कोणी तिला आत बोलावलं नाही. कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसलेला घरमालक चहाच्या कपात बघत राहिला.

"अंथरुणातलं माणूस घेऊन मी कुठे जाऊ?" ती साहेबांना म्हणाली. "मला एकच करू द्या. खाली मीटरच्या खोलीत जाऊन मी माझं मेन स्विच पाडते. तुम्ही तुमच्या मोबाईलवर बघा. तरीही आकडा पळत राहिला, तर मीटर बिघडलंय एवढं तरी कबूल करा."

साहेबांना तिचा वीट आला. शुभकार्यात हा तमाशा.

सेक्रेटरी मात्र चटकन उठले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "कशाला ताई? बसा, चहा घ्या. या वेळेपुरतं माफ करून टाकू आपण. खोली नका सोडू. मी बोलतो मालकांशी."

घरमालकाने चमकून वर बघितलं. शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. मोठ्या मनाचा माणूस आहे, साहेबांना वाटलं, आणि अशाच माणसांना हे लोक लुबाडतात.

"मला माफी नको," टेलरबाई म्हणाली. "मी काही केलेलंच नाही."

"मीटरच्या खोलीला कुलूप आहे," सेक्रेटरी म्हणाले. "किल्ली इलेक्ट्रिशियनकडे असते, आणि तो गेलाय गावाला."

"कंपनीची किल्ली माझ्याकडे आहे," साहेब म्हणाले. त्यांनी ती खिशातून काढून तिच्या हातावर टाकली. "जा. पाडा स्विच. इतक्या लोकांसमोर सोक्षमोक्ष लागू दे, म्हणजे पुन्हा तोंड वर करून बोलायला नको."

ती जिना उतरून गेली. साहेबांनी एका हातात मोबाईल धरला, दुसऱ्या हाताने प्रशस्तिपत्रक पुढे केलं. फोटोवाल्याने सगळ्यांना जवळ सरकायला सांगितलं. सेक्रेटरींनी पत्रकाला हात लावला नाही. घाम आल्यासारखे ते कपाळ पुसत होते.

जिन्यातला दिवा चालू राहिला. समोरच्या इमारतीतल्या सगळ्या खिडक्याही उजळलेल्याच राहिल्या. फक्त सेक्रेटरींच्या हॉलमधलं झुंबर गेलं, एसी घरघरत बंद पडला, आणि काळोखात साहेबांच्या मोबाईलवर टेलरबाईंचा आकडा शून्यावर येऊन थांबला.