परातीएवढा चंद्र

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून मनकर्णाबाई कोंढ्याला परतली, त्याच संध्याकाळी तलावाच्या पाळीमागून परातीएवढा चंद्र उगवला. वर्षातला सगळ्यात मोठा चंद्र होता तो, पण तिनं सगळं श्रेय डोळ्यातल्या नव्या भिंगाला दिलं आणि गावभर तेच सांगत फिरली. ते ऐकून, दोन वर्षं ऑपरेशन टाळत आलेला तिचा नवरा देवाजीही तयार झाला.

त्याचंही ऑपरेशन झालं आणि पुढच्या पौर्णिमेला दोघं पाळीवर गेले. देवाजी बराच वेळ वर बघत राहिला.

"मले तं वाटीएवढाच दिसून राहिला. तुले मोठं भिंग बसवलं अन् मले काहून लहान?"

चंद्र मनकर्णाबाईलाही वाटीएवढाच दिसत होता. पण गावभर सांगून झालं होतं.



"मले तं अजूनही परातीएवढाच दिसते," ती म्हणाली.