खंडेनवमीचे व्हॉल्व्ह

“बाबा, हे काय करून ठेवलंत?” मी गॅरेजच्या दारातूनच ओरडले.

पाटावर आठही व्हॉल्व्ह लखलखत होते. खंडेनवमीच्या पूजेसाठी बाबांनी ते रॉकेलने घासून, हळदकुंकू वाहून, झेंडूभोवती गोल मांडले होते. इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्याच जागी परत बसवावा लागतो, म्हणून मी ते पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीने खोचले होते. आता कुठला कुठल्या जागेचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

“वर्षभर राबतेय मी तुमच्या या जुन्या स्पोर्ट्स कारपायी! आणि व्हॉल्व्हची अदलाबदल करायची नाही, हे मला शिकवलं कोणी? तुम्हीच ना? लहानपणी एकदा चुकले, तर दिवसभर बोलला नव्हतात माझ्याशी!”

बाबा कुंकवाची बोटं लेंग्याला पुसत उभे होते.

“चुकलंच माझं,” ते हळूच म्हणाले. “पण बाई, गाडीच्या मालकाला एवढं सांगू नका हं.”

“मालक तुम्हीच आहात, बाबा! तुमचीच गाडी आहे ही!”

शेजारची खिडकी उघडली, तरी मी ओरडतच राहिले. गप्प झाले असते, तर ते मला ‘बाई’ म्हणाले, हे मला ऐकू आलं असतं.