चोपन्न जणांचं ‘नाही’

चोपन्नावं ‘नाही’ हातात पडलं आणि केलेरानं गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून मोजला.

साठ फॉर्म. सहा जणांचं ‘हो’, बाकी सगळ्यांचं ‘नाही’. प्रश्न तर अगदी सरळ होता: ‘आज दुपारचं जेवण तुम्ही गेटपाशी असलेल्या टेबलांवरून विकत घेतलंत का?’ तिसऱ्या वर्षाला एक संशोधन करावं लागतं. केलेरानं विषय घेतला होता विद्यार्थ्यांचं राहणं-खाणं आणि आसपासचे छोटे खाद्यव्यवसाय. आधी तो नुसता मार्कांचा मामला होता. मग विद्यापीठाच्या समितीनं ठरवलं की गेटपाशी असलेली सहा टेबलं उठवून तिथं गाड्या लावायला जागा करायची. पोरांना टेबलांची खरोखर गरज आहे का, हे केलेराच्या फॉर्मांवरून बघायचं. समितीचे गौंडर सर दुपारी एक वाजता स्वतः ते न्यायला येणार होते.

एकाला पाच मिनिटं कमी होती.

पहिलं टेबल नेइ उनाइसीचं. नेइ म्हणजे मावशी. ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, म्हणून सगळ्यांचीच होती. अकरा वर्षं ती नौसोरीहून सकाळच्या बसनं पातेली घेऊन येत होती. नारळाच्या दुधातला मासा, उकडलेले कसाव्याचे कंद, अळू. दुसरं काही तिला येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं.

“काय गं, कुणी मेलं का?” वर्गातल्या वाइसाकेनं विचारलं. नेइकडून डबा घेऊन तो नुकताच आंब्याखाली बसला होता. झाकण उघडायच्या आधीच त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका घालायला सुरुवात केली होती. “माई काना! या रे, जेवायला या!” बघता बघता डब्याभोवती सात-आठ जण मांडी घालून बसले.

“नेइचं टेबल मेलं,” केलेरा म्हणाली. “चोपन्न नाही.”

“एवढंच ना? आण इकडं. बसल्या बसल्या तीस ‘हो’ करून देतो. मला बारा प्रकारची अक्षरं काढता येतात.”

“म्हणूनच दोनदा नापास झालास.”

सगळे खिदळले. पळी हातात घेऊन नेइ टेबलामागून पुढं आली.

“ए पोरी, खोटं लिहायचं नाही. अकरा वर्षांत मी नारळाच्या दुधात पाणी घातलं नाही, तू तुझ्या फॉर्मात घालू नकोस. उठवलं तर उठवलं. आधी बस, खा. उपाशी पोटी धड रडूही येत नाही.”

एवढं बोलून ती वळली आणि स्वच्छ असलेलंच टेबल पुन्हा पुसू लागली. केलेरा खाली बसली. वाइसाकेच्या डब्यातला कसाव्याचा एक तुकडा तिनं मोडून घेतला.

गौंडर सर ठरल्या वेळी आले. इस्त्रीचा सदरा, काखेत फाइल. त्यांनी उभ्या उभ्याच फॉर्म चाळले.

“सहा?”

“सहाच, सर.”

“मग प्रश्नच मिटला. पोरं इथं खातच नाहीत.” त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. “तू काम चोख केलंस, केलेरा. पण आकडे ते आकडे.”

नेइनं सवयीनं हाक घातली, “माई काना, मास्तर! उभ्यानं काय बोलता? बसा.”

‘मी जेवून आलोय’ असं म्हणायला सरांनी तोंड उघडलं. पण जेवणारी माणसं बोलावत असताना नुसतं पुढं निघून जायचं कसं? त्यांचाही जन्म इथलाच. “एकच घास,” असं म्हणत त्यांनी पँट गुडघ्यांवर ओढली आणि ते बसले. एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. पाहुण्याला माशाचं डोकं द्यायचं असतं, म्हणून वाइसाकेनं ते त्यांच्यापुढं सरकवलं. सरांची फाइल गवतात पडली. ती उचलायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

केलेराकडं एक कोरा फॉर्म उरला होता.

“सर, एवढा भरून द्याल?”

“मी? मी काय विद्यार्थी आहे?”

“जेवणाच्या वेळी गेटपाशी जो दिसेल त्याला विचारायचं, असं समितीला लिहून दिलंय. तुम्हीच सही केलीय.”

“पक्की आहेस!” सर हसले. उजवा हात खरकटा होता, म्हणून त्यांनी डाव्या हातानं पेन धरलं, वेडंवाकडं काहीतरी लिहिलं आणि कागद परत दिला.

केलेरानं तो वाचला. गठ्ठ्यावर ठेवायला गेली आणि तिचा हात तिथंच थांबला. तिनं सरांच्या हनुवटीवरून ओघळणारं नारळाचं दूध पाहिलं. मग डब्याभोवतीचे सगळे हात पाहिले.

“पोनिपाते,” ती शेजारी जेवणाऱ्या पोराला हळूच म्हणाली, “तूही ‘नाही’च लिहिलंस ना?”

“मग? मी कुठं विकत घेतलं? वाइसाकेनं घेतलं.”

“आणि काल?”

“काल लवेनियानं. का गं?”

सरांचं चावणं थांबलं. त्यांनी हात लांब करून आपला फॉर्म परत घेतला आणि आपल्याच अक्षरातलं ‘नाही’ पुन्हा वाचलं. तोंडातला काटा काढून त्यांनी झाकणात ठेवला.

“केलेरा, सोमवारची समितीची बैठक इथं, या झाडाखाली,” ते म्हणाले. “बरोबर एक वाजता. आणि सगळ्यांना सांग, उपाशी या.”