बाजलची सात मिनिटं

"सात मिनिटं," फोल्कमार म्हणाला. "बाजलला गाडी बदलायला फक्त सात मिनिटं. गेझिना, हे तिकीट आहे की लॉटरी?"

गेझिना नातवाला गाजराचा लगदा भरवत होती. "सात पुरतात. पुढची स्विस गाडी समोरच्याच फलाटावर लागते."

"आपली गाडी वेळेवर पोचली तर ना! आपल्या जर्मनीत गाडी वेळेवर आल्याचं शेवटचं कधी ऐकलंस?"

"माझा भरवसा आहे."

फोल्कमारनं कपाळाला हात लावला.

हानोफरला मुलाकडे दोघं आले होते ते नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी. तो नीट पार पडला आणि केकचा पहिला तुकडा तोंडात जातोय तोच इटलीतल्या कोमोहून रेन्झोचा फोन आला. रेन्झो हा गेझिनाचा सावत्र भाऊ. वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया परवा सकाळी आहे, वय पाहता डॉक्टर फारसं काही बोलत नाहीत, आणि आत जाण्याआधी त्यांना गेझिनाला एकदा बघायचंय, असं तो सांगत होता.

गेझिना चौथीत असताना हे वडील एका इटालियन बाईसाठी घर सोडून गेले होते. नंतर नाताळला एक कार्ड यायचं, तेवढंच. तरी गेझिना क्षणभरही न थांबता "येते" म्हणाली. फोल्कमारला बायकोचं फार कौतुक वाटलं. त्याचे स्वतःचे वडील गेले तेव्हा तो अजून वाटेतच होता, आणि ती सल त्याला कधीच सोडून गेली नव्हती. निदान हिच्या वाट्याला ते येऊ नये, म्हणून तो हात धुऊन प्रवासाच्या मागे लागला होता. आणि ही बाई त्याला धड काही ठरवू देत नव्हती.

"म्युनिकला विमान बदलायचं," त्यानं पुन्हा सुरुवात केली. "मध्ये दोन तास मोकळे. दुपारी मिलान, तिथून टॅक्सी. पायावर पाय टाकून जाऊ."

"विमानात माझे कान दुखतात."

"मायोर्काला सुट्टीला जाताना नाही दुखत ते?"

"तिथेही दुखतात. तुला सांगत नाही."

"बरं, रेल्वे तर रेल्वे. पण मग आधीची गाडी घेऊ. बाजलला चांगला तास मिळतो."

"इतक्या पहाटे नको. बाळाला आंघोळ घालून निघू."

फोल्कमारचा आवाज चढला. "अगं, इस्पितळात भेटायला संध्याकाळी सातपर्यंतच सोडतात! बाजलची गाडी चुकली की पुढची पोचेपर्यंत दार बंद. सकाळी उजाडायच्या आत त्यांना आत नेणार. कळतंय का तुला?"

"कळतंय," गेझिना म्हणाली आणि तिनं बाळाचं तोंड पुसलं.

"वडील हिचे आणि नाकी नऊ माझ्या!"

"बाबा, सोडा ना आता," मुलगा हाउके म्हणाला. "आईला आवडते गाडी. जाऊ दे तिला गाडीनं."

सकाळी निघताना तिच्या खांद्याला एक लहानशी पिशवी होती. "धावायचं तर ओझं कशाला?" ती म्हणाली. दोन दिवसांत हे एक तरी शहाणपणाचं बोलली, असं फोल्कमारला वाटलं. पण दारातून वळून ती सुनेला म्हणाली, "सूप उरलं तर ठेव हं आमच्यासाठी."

"परवा येणार आपण. तोवर सूप?"

"गोठवून ठेवेल ती."

कासेलच्या पुढे गाडी एका शेतात उभी राहिली ती राहिलीच. समोरच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठवर?"

"कोमो. बाजलला गाडी बदलून. सात मिनिटांत."

"या देशात नवीन दिसता," म्हातारा म्हणाला. "आणि तिकडची स्विस गाडी तर देवासाठीसुद्धा थांबत नाही."

फोल्कमार दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता, मनातल्या मनात रेल्वेचा उद्धार करत होता. गेझिनानं मात्र विणकाम काढलं. कॉफी मागवली. मग रेन्झोला फोन लावला. "आमची गाडी अडकलीये. नाही पोचले तर पपांना सांग, मी निघाले होते म्हणून."

ते ऐकून काल हिच्यावर ओरडलो याची त्याला लाज वाटली.

मानहाइमनंतर काय झालं कोण जाणे, गाडी सुटल्यासारखी पळायला लागली. वीस मिनिटांचा उशीर कार्ल्सरूहला दहावर आला, फ्रायबुर्गला दोनवर. डब्यातले लोक एकमेकांकडे बघून हसायला लागले. गेझिनाचे टाके चुकू लागले होते. तिनं विणकाम पिशवीत कोंबलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गरगरतंय का?" फोल्कमारनं विचारलं.

"फार पळतेय ही."

"पळू दे बिचारीला."

गाडी बाजलला ठरल्या वेळी उभी राहिली. समोरच स्विस गाडी, दारं सताड उघडी. "माझ्या जन्मात पहिल्यांदा," म्हातारा म्हणाला आणि त्यानं फोल्कमारची पाठ थोपटली. फोल्कमारनं आनंदानं खाली उडी मारली, फलाट ओलांडला, गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि मागे हात केला.

हातात हात आला नाही. त्यानं वळून पाहिलं. गेझिना फलाटावरच्या बाकावर बसली होती, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"अगं चल! मिळाली गाडी! सातपैकी पाच मिनिटं अजून बाकी आहेत."

गेझिनानं उघड्या दाराकडे पाहिलं, मग फलाटावरच्या घड्याळाकडे. तिचे डोळे भरून आले.

"तुला म्हटलं होतं ना, माझा आपल्या गाड्यांवर भरवसा आहे म्हणून," ती म्हणाली. "नेमकं आजच हिला वेळेवर यायचं होतं?"